कापसाच्या ढिगावर ठरलेली जत्रा

कापूस विकून होतो, पण घरातून जात नाही. गाडी भरून जिनिंगला गेली, खोली झाडून सारवून झाली, तरी पुढं कितीतरी दिवस तो कुठं ना कुठं सापडतोच. बाजेच्या सुंभात अडकलेला. देवळीच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्याला धरून बसलेला. परवा माळ्यावरची बॅग काढायला शिडी लावली, तर वाशाच्या खोबणीत एक झुपका निघाला. पिवळा पडलेला, वरून धुळीनं माखलेला. दोन बोटांत धरून दाबला, आत सरकी लागली. म्हणलं, हा त्या सालचा. त्या सालानंतर आमच्या पोरानं, बाळूनं, पत्र्याचं शेड उभं केलं अन् या खोलीत कापूस भरायचा बंद झाला.

बॅग कशाला काढली ते आधी सांगतो. मी अमेरिकेला चाललोय. डालस नावाचं गाव आहे. फुटबॉलच्या विश्वचषकातले काही सामने तिथं आहेत, त्यातला एक बघायला. लोक दोनदा विचारतात. मीही दोनदा सांगतो.

रोहिण्या सरत आल्यात. रान नांगरून, वखराची पाळी घालून तयार आहे. दुपारी ढेकूळ हातात घेतलं तर भाजतं. कामाची माणसं लिंबाखाली बसून नुसती मावळतीकडं बघतात अन् तंबाखू मळतात. अशा दिवसांत शेतकरी घर सोडत नसतो. मृगात घर सोडून जाणारा शेतकरी अन् मांडवातून उठून जाणारा नवरदेव, दोघं सारखेच, अशी म्हण आमच्या झरी गावाकडं नाही. माझ्यामुळं पडेल.

पडू द्या. बेत माझा एकट्याचा नाही. दोघांचा आहे, अन् तो याच खोलीत, कापसाच्या ढिगावर बसून ठरला.

मागचा विश्वचषक कतारला झाला अन् तो थंडीत झाला. आमच्याकडं तेव्हा वेचणी ऐन भरात होती. सकाळी बोंडावर दव असतं. ओला कापूस वेचला तर आत जाऊन तापतो अन् पिवळा पडतो, म्हणून ऊन वर येईपर्यंत बाया बांधावर शेकत बसायच्या. मग कमरेला ओटी बांधून तासाला, म्हणजे कापसाच्या ओळीला, लागायच्या. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या बाजूला टोचतात, तिथं रक्त येतं अन् तिथंच सुकतं. सगळ्या हंगामात बायकांचे हात भांडी घासायच्या चोथ्यासारखे व्हायचे. संध्याकाळी डोक्यावर गाठोडी घेऊन रांग गावाकडं निघाली की लांबून वाटायचं, पांढरे ढगच चालत आलेत.

त्या साली कापूस या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत भरला होता. कापसाच्या ढिगाला ऊब असते. गाभण गाईच्या पोटाला टेकून बसावं तशी. वास असतो, थोडा तेलाचा, थोडा उन्हाचा, थोडा वाळल्या पानाचा. माझी बायको, म्हणजे बाळूची माय, दिवेलागण झाली की चपला बाहेर काढून त्या ढिगात कंबरेपर्यंत रुतून बसायची. आम्ही कापसावर चप्पल घालून चढत नाही, ती लक्ष्मी आहे. समोर तांब्या, तांब्याला टेकवलेला बाळूचा मोबाईल, अन् मोबाईलवर फुटबॉल.

फुटबॉल आमच्या घरात आला तो आमच्या लेकीमुळं. रेखा लग्न होऊन डालसला गेली, जावई तिकडं कॉम्प्युटरवर कामाला. बरीच वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी तिच्या घरचा उंबरा बघितला नव्हता. त्या थंडीत तिनं फोनवर सांगितलं, "माय, ह्याच्या पुढचा विश्वचषक आमच्या डालसला बी हाय. तुमी दोघं या. आतापासून बघायला लागा, म्हंजी कळंल."

मी म्हणलं, आपल्याला काय करायचंय बॉलशी. तर बाळूची माय फोन ठेवायच्या आधीच म्हणाली, "लेकीच्या गावची जत्रा हाय. जायाच लागंल."

झालं. तिच्या मनानं त्याची जत्रा झाली. आमच्याकडं लेकीच्या गावाला जत्रा असली अन् लेकीनं बोलावणं धाडलं, तर माय-बापानं जायचंच असतं. लेक उंबऱ्यात उभी राहून वाटेकडं बघत असते. नाही गेलं तर तिची सासू तोंडानं काही बोलत नाही, पण वर्षभर ताट आदळून वाढते. रेखाला तिकडं सासू नाही, तरी नियम तो नियम.

मग तिनं तो खेळ शिकायला घेतला. तिची शिकायची रीत अशी की आधी भांडायचं.

"बाकीच्यांनी हात लावला की शिट्टी वाजवायलेत, अन् ह्यो पिवळ्या अंगीवाला दोनी हातानं धरायलाय. त्येला कुणी कायबी म्हणंना."

"त्यो राखणदार हाय. माळ्यावर बसून ज्वारी राखतेत तसा."

"मंग झोपायलाय कशाला मधीच?"

"झोपला न्हाई, पडला."

"राखणीवाला पडला म्हंजी पाखरं गेली की खाऊन."

खरंच गोल झाला होता.

मला जे कळलं नाही ते तिला कळलं. ते ऑफसाईड म्हणतात, गडी गोल करतो, लोक नाचतात अन् मग गोल रद्द होतो. मी बाळूला विचारलं, बाळूनं तीनदा सांगितलं, मला काही उमगेना. बाळूची माय सरकी चाचपत म्हणाली, "त्येला काय लागतंय. टँकर यायच्या आधीच जाऊन तोटीपाशी घागर लावून उभं राहायचं न्हाई. पाणी सुटल्यावर पळायचं." मी आजवर तेवढ्यावरच ऑफसाईड ओळखतो अन् चुकत नाही.

पण तिचं लक्ष बॉलवर कमी अन् बसलेल्या लोकांवर जास्ती. कोण काय ल्यालंय, कोण काय खायलंय, लेकरं कुठं मुतायला नेत असतील. त्यात जपानची माणसं तिच्या मनात भरली. सामना संपल्यावर बाकीचे आपापल्या वाटेनं गेले, अन् हे लोक निळ्या पिशव्या काढून आपली जागा साफ करायला लागले. कुणी सांगितलेलं नाही. ती ढिगात सरळ होऊन बसली.

"आपल्या जत्रेत असा एक जरी असता," म्हणाली. "आपण ह्येंच्याकडून."

तेव्हापासून आम्ही जपानकडून. जपाननं जर्मनीसारख्या दांडग्या संघाला हरवलं तो दिवस मला चांगला आठवतो. दिवा लागून गेला होता, कापसावर मोबाईलचा निळा उजेड पडला होता अन् तिच्या केसांत कापसाची कुसं अडकलेली. तिकडं मैदानात नुसता कल्लोळ. जो तो ज्याला त्याला हाक मारतोय, कुणी रडतंय.

ती म्हणाली, "एवढ्या कल्लोळात कुणाचं काय आयकू येत असंल?"

"कायबी न्हाई."

मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मंग तिथं गेल्यावर मी तुमचं नाव घेणार. मोठ्यानं."

इथं एक सांगायला हवं. आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी तिला 'बाळूचे माय' म्हणायचो, बाळू व्हायच्या आधी नुसतं 'अगं ए'. ती मला 'अवो'. नाव एकदाच घ्यायचं, लग्नात, सगळ्यांनी दार अडवून धरल्यावर, तेही घाईघाईनं, उखाण्यात गुंडाळून. पुढं आयुष्य जातं. एका ताटात जेवलो, एका रानात राबलो, एकमेकांचे पाय चेपले. नाव तेवढं बाजूला ठेवलेलं, ट्रंकेतल्या शालूसारखं.

मी म्हणलं, "अन् कुणी आयकलं तर?"

"जपानची लोकं आयकतील. त्येंना काय कळायलंय. तुमी बी घ्या माझं."

"बघू."

"बघू न्हाई. घ्या म्हणलं."

मी 'हो' म्हणालो नाही. मी कशालाच पटकन 'हो' म्हणत नसतो. ती हसली अन् परत बसलेल्या लोकांकडं बघायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून तिची तयारी सुरू. सामने संपले, कापूस गेला, खोली मोकळी झाली, तरी हिची तयारी थांबेना. पासपोर्ट काढायला आम्ही दोघं गेलो. तिथल्या मशीनवर बोटं ठेवायची असतात. माझी उमटली, हिची उमटेनात. ती त्या पोराला म्हणाली, "बाबा, बोटं कापसानं नेलीत. आंगठा बघ, त्येच्यावर काय राह्यलं असंल तर." पोरगं भलं होतं, हसलं, दोनचारदा पुसून पुसून घेतलं अन् एकदाचं उमटलं. फोटो काढताना हसू नका म्हणाले, तर हिनं दमच धरला. तोच फोटो आता मोठा करून भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा म्हणतो, काकू लय कडक दिसतात. कडक नाही, दम धरलाय.

रेखा फोनवर आपलं घर दाखवायची. एकदा उन्हाळ्यात तिनं अंगण दाखवलं, तर भिंतीच्या कडेकडेनं पाण्याची बारीक नळी सोडलेली.

"काय लावलंय गं तिथं?" मी विचारलं.

"कायबी न्हाई आबा, घराला पाणी द्यायलोय."

"घराला?"

"उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी द्यावं लागतंय इथं. न्हाई तर जमीन आकसती अन् भिंतीला तडे जातेत."

"माती कसल्या रंगाची हाय?"

तिनं फोन खाली धरला. काळी. हात घालता येईल अशा भेगा. चैत-वैशाखात आमच्या रानाला पडतात तशाच. मी बघतच राहिलो. घर कुणी परक्या ठिकाणी बांधतं, लेक परक्या ठिकाणी देतं, अन् माती बघावी तर आपली.

बाळूची माय माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "म्हंजी लेक आपल्याच रानात हाय." त्या दिवसापासून तिला अमेरिका लांब वाटली नाही.

मैदान डालसमध्ये नाही, शेजारच्या गावात आहे, हे रेखानं जरा ओशाळून सांगितलं. मी म्हणलं, त्यात काय. देवगाव फाट्यावर उतरणारे सगळे काय देवगावला जातात? नाव एका गावाचं अन् माणसं तिसरीकडं जायची, हे आम्हाला नवं नाही.

मागच्या दसऱ्यानंतर पहिली वेचणी झाली. पहिल्या वेचणीला रानात दहीभाताचा निवद ठेवायचा असतो, तो तिनंच ठेवला. घरी आली ती अंग मोडून आलंय म्हणत. ताप भरला. परभणीला नेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. गेली.

यापेक्षा जास्ती लिहायला मला येत नाही. लोक म्हणतात, मन मोकळं करा. मोकळंच आहे. तीच तर अडचण आहे.

ती गेल्यावर कापूस वेचायचा राहिला होता. बोंडं फुटून लोंबत होती. दहावा झाला अन् मी रानात गेलो, एकटाच तासाला लागलो. बाया म्हणाल्या, आबा तुम्ही बसा. मी म्हणलं, कापसाला कुणाचं मयत कळत नाही. वेचत गेलो. वेचताना ध्यानात आलं, माझी ओटी भरली की मी उजवीकडं बघतोय. ती माझ्या उजव्या तासाला असायची.

रेखानं तिकडं सामन्याच्या तिकिटासाठी आधीच नंबर लावून ठेवला होता. चार तिकिटं. ती, जावई, तिची माय अन् मी. नंबर लागला तो माय गेल्यावर. फोनवर नुसती रडायला लागली. "आता काय करू आबा? चार लागल्यात."

"घे," मी म्हणलं. "चारी घे."

कोण कुणाशी खेळणार ते तेव्हा ठरलेलं नव्हतं. पुढं त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. मी गोठ्यात होतो. रेखाचा फोन आला, आवाज बारीक झालेला. "आबा, आपल्या सामन्याला जपान आलंय."

मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. देवाधर्माचं मला फार कळत नाही, अन् चिठ्ठी ती चिठ्ठी, कुणाचीही निघते. पण त्या दिवशी ठरलं. जायचं. आता कुणी आडवं आलं तरी जायचं.

आडवे सगळेच आले.

बाळू म्हणाला, "आबा, तिकडं काय झालं तर?"

"इथं काय न्हाई झालं का?"

पोरगा वाईट नाही, भ्यालेला आहे. एक गेली, दुसरा डोळ्याआड नको, एवढंच त्याचं. पेरणीचं निमित्त त्यानं नंतर काढलं. मी म्हणलं, पेरणी आता ट्रॅक्टर करतो, मी फक्त बांधावर उभा राहून शिव्या देतो. पहिल्या तासाला हातानं बी सोडायचं, ते दरसाल तुझी माय सोडायची. औंदा सूनबाई सोडील. तिचा हात मी पाहिलाय, बी दाट पडत नाही तिचं.

खरा आडवा आला तो किशन. बाळूच्या मायचा धाकटा भाऊ. ताडकळसला असतो. उन्हाचा मोटारसायकलवर आला, पाणी पिला नाही, टोपी काढली नाही.

"दाजी, भैनीचं वरीस फिरलं न्हाई अन् तुमी बॉल बघायला निघालाव?"

"निघालोय."

"बाजारात लोक मला इचारायलेत."

"काय इचारायलेत?"

"तुमचे दाजी बरे हायेत न्हवं, म्हणून."

"मंग सांग की बरे हायेत."

तो बसला. त्याचा राग खोटा नव्हता. वर्ष फिरायच्या आत दुखवट्यातल्या माणसानं जत्रेखेत्रेला जाऊ नये, हे मलाही माहीत आहे. मीच दुसऱ्यांना ऐकवलंय. मी त्याला म्हणलं, "किशन, लेकीच्या गावची जत्रा हाय. तुझ्या भैनीनं बोलावणं घेतलेलं हाय. बोलावणं घेतलेला माणूस मेला म्हणून बोलावणं मरतंय का?"

"तुमी बोलण्यात आयकत न्हाईत," म्हणाला अन् पाणी न पिताच गेला. उन्हात त्याची पाठ बहिणीसारखीच दिसते, डावा खांदा जरा खाली.

मग मुंबईची मुलाखत. अमेरिकेत जायची इजाजत देणारी कचेरी. बाळूला बाहेर बसवलं अन् मी एकटा आत. काचेच्या पलीकडं एक गोरी तरुण बाई, बाजूला मराठी सांगणारी दुसरी बाई. रांगेत लोक कागद चाळत होते, तोंडातल्या तोंडात पाठ करत होते. मी काही पाठ केलं नाही. खरं सांगायला पाठांतर लागत नाही.

"कशासाठी चाललात?"

"लेकीच्या गावाला जत्रा हाय."

मराठी बाईनं माझ्याकडं बघितलं, मग काय सांगायचं ते सांगितलं. गोरी बाई कागद बघून म्हणाली, फुटबॉल का? कुणाकडून?

"जपान."

"जपान का?"

"उठताना आपली जागा झाडून जातेत."

दोघी हसल्या. मग विचारलं, परत कधी येणार. मी म्हणलं, खुरपणीच्या आत, माझ्यावाचून बाळू तण ठेवतो. तेही सांगितलं गेलं. मग गोऱ्या बाईनं कागदावर बोट ठेवलं अन् मराठी बाईनं विचारलं, "पत्नी?"

"वारली."

"नाव?"

कागदावर होतंच. रेखानं भरलेलं होतं. बघून घ्या म्हणता आलं असतं. पण त्यांना माझ्या तोंडून हवं होतं, अन् माझं तोंड उघडेना. मागं रांग. वर पंखा नाही, तरी थंडगार हवा सोडलेली. मराठी बाई वयानं रेखाएवढी असेल. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं घाई केली नाही.

"सोजर," मी म्हणलं.

एवढं हळू म्हणलं की तिनं काचेला कान लावला. मग परत म्हणलं. "सोजर."

इजाजत मिळाली. बाहेर आलो तर बाळू उठून उभा राहिला. "काय इचारलं आबा?" मी म्हणलं, काही नाही, घरचंच विचारलं. रस्त्याच्या कडेला रसवंती होती, तिथं दोन पेले रस पिलो. जिभेवर मात्र ते नावच होतं. इतकी वर्षं वापरलं नाही म्हणून गंजलं असेल वाटलं होतं. गंजलं नव्हतं.

राहिली चौथी जागा. रेखा सारखी विचारायची, "आबा, मायच्या तिकिटाचं काय करू? मोकळी ठेवायची का?"

मोकळी ठेवणं दिसायला बरं दिसतं. फोटो ठेवला, हार ठेवला. पण सोजर एसटीत बसली की मांडीवरचं गाठोडं उचलून उभ्या बाईला म्हणायची, "या, सरकतो आमी." दोघांच्या जागेवर तीन बसायचे अन् मी दांडीला धरून उभा. तिच्या नावानं जागा मोकळी ठेवली तर ती मला माफ करणार नाही. मी रेखाला म्हणलं, कुणीतरी बसव. कुणाला बसवायचं ते बघ.

तेव्हा रेखानं जे सांगितलं ते तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. माय गेल्याचा फोन गेला तेव्हा जावई कामासाठी परगावी होता. इकडं मातीला वेळेत पोचणं तिला होणार नव्हतं. ती सैपाकघरात फरशीवर बसून होती. शेजारी एक म्हातारी राहते, मेक्सिकोची, एकटीच, नवरा मेलेला. तिनं भिंतीपलीकडून रडणं ऐकलं असेल. दार वाजवलं. हातात फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या पातळ भाकरी अन् शिजवलेला घेवडा. खुर्च्या होत्या, पण ती रेखाजवळ खालीच बसली. बोलली नाही. भाकरीचा तुकडा मोडला अन् रेखाच्या हातात दिला.

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतलं, शेजारपाजारचं कुणीतरी भाकरी घेऊन येतं. तिला आम्ही कडू भाकर म्हणतो. आणणारानं बोलायचं नसतं, खाणारानं नाही म्हणायचं नसतं. आता त्या माउलीला हे कुणी सांगितलं? तिच्या मुलखात काय रीत आहे मला माहीत नाही. पण माझ्या लेकीच्या घरी कडू भाकर पोचली. आमच्या भावकीतलं तिथं कुणी नव्हतं, तरी पोचली.

"ती फुटबॉल बघती का?" मी विचारलं.

"आबा, ती येडी हाय फुटबॉलची. सामना असला की घराला झेंडा लावती."

"मंग झालं. मायच्या जागेवर तिला बसव."

किशनला हे मी फोनवर सांगितलं नाही. ताडकळसच्या बाजारच्या दिवशी मुद्दाम गेलो, बॅगेला कुलूप घ्यायचं होतंच. तो मिरच्यांच्या ढिगापाशी उकिडवा बसला होता. त्याच्याशेजारी बसलो अन् सांगितलं. तो मिरचीचं देठ मोडत राहिला.

मग म्हणाला, "भाकर कशाची म्हणलाव?"

"मक्याची."

"अन् खालीच बसली?"

"खालीच."

तो परत मिरच्या निवडायला लागला. पण परवा आला. या खेपेला आल्या आल्या पाणी मागितलं. पिशवीतून एक लुगडं काढलं, सुताचं, मऊ, फिकट हिरव्या रंगाचं.

"त्या बाईला न्या. भैनीच्या माहेराकडून."

"ती झगा घालती, किशन."

"मंग पांघरू द्या. तिकडं थंडी असतीच की कधी ना कधी."

लुगडं बॅगेत खाली ठेवलंय. त्याच्यावर माझी दोन धोतरं, टोपी, रेखासाठी कारळाची चटणी. बी-बियाणं आणू नका, विमानतळावर काढून घेतात, असं तिनं बजावलंय. म्हणून तो वाशातला झुपका मी नीट उघडला, सरकी काढली, अन् राहिलेल्या कापसाची एक वात वळली. माझी वात वाकडी होते. बाळूची माय मांडीवर एका हातानं वळायची अन् दुसऱ्या हातानं मोबाईल सरळ करायची. वाकडी तर वाकडी, जळायचं काम करेल. आज संध्याकाळी फोटोपुढं तीच लावलीय. दम धरलेला फोटो. तिला म्हणलं, सोड आता दम, झालं सगळं.

आता नाव सरळ तोंडात येतं. घरात कुणी नसलं की घेतो. सूनबाईनं एकदा ऐकलं अन् न ऐकल्यासारखं करून बादली उचलून गेली. पण ते काही खरं घेणं नाही. काचेपुढं घेतलं तेही नाही, ते तर कापसावरून चालल्यासारखं हळू घेतलं. तिनं सांगितलं होतं, मोठ्यानं घ्यायचं.

मी डोळ्यांपुढं आणून बघतो. एवढालं मैदान, माणसांचा सागर. एकीकडं लेक-जावई. दुसरीकडं ती मेक्सिकोची म्हातारी, मांडीवर हिरवं लुगडं, सोजरच्या जागेवर. जपानचा गडी बॉल घेऊन सुटला आहे, सगळे उठलेत, कल्लोळ उठलाय, कुणाचं काय कुणाला ऐकू येत नाही. मी उठणार अन् छाती भरून नाव घेणार. एकदा, दोनदा, घसा साथ देईल तोवर. म्हातारीला वाटेल, जपानचा कुणी गडी असेल त्या नावाचा. तीही माझ्याबरोबर ओरडायला लागेल.

ओरडू दे.